इस्त्रीला कँडल नसतात

आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरात वीज आली तेव्हा आईनं आधी मीटरला हळदकुंकू वाहिलं आणि मग जिन्याजवळच्या बटणाला. वायरमन शिडीवरून ओरडला, "बाई, वल्या हातानं नगा शिवू त्याला!" तशी ती दोन पावलं मागं सरली आणि चिमटीत राहिलेलं कुंकू तिनं तिथूनच उधळलं. पुढं कित्येक दिवस त्या काळ्या बटणावर लाल ठिपके होते आणि ते पुसायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही सगळी त्याला हात जोडायचो. तेलवात नसली म्हणून काय झालं, दिवा तो दिवाच. शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्या मागांचा खटखटाट दिवसभर चालायचा आणि अंधार पडला की थांबायचा. आमच्या घरात मात्र अंधार पडत नाही, याचा मला भलताच तोरा चढला होता.

दिवे तीन. एक सोप्यात, एक स्वयंपाकघरात आणि एक माडीवर. वॅट हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या कानावरून गेला नव्हता. दिवा मोजायचा तो कँडलनं. सोप्यातला आणि स्वयंपाकघरातला सोळा सोळा कँडलचा, माडीवरचा बत्तीसचा. जितके कँडल तितक्या मेणबत्त्या एकदम पेटवल्या तर जेवढा उजेड पडेल तेवढा ह्या एका दिव्याचा, असं दादानं मला समजावलं होतं आणि मी ते शाळेत जाऊन वर्गातल्या पोरींना समजावलं होतं. आमच्या घरात बत्तीस कँडलचा दिवा आहे हे सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. एका पोरीनं विचारलं, "एवढ्या मेणबत्त्या काचंत मावतात कशा?" तिला मी दिवसभर वेड्यात काढलं. मला तरी कुठं कळलं होतं म्हणा.

दादा माझ्याहून बराच मोठा. कापडाच्या एका पेढीवर कामाला लागला होता, आणि घरात नवं जे काही यायचं ते त्याच्यामुळं. अण्णांच्या मागं लागून वीज घ्यायला लावली ती त्यानंच. मला खांद्यावर घेऊन त्यानं मीटर दाखवला होता. दारावरच्या फळीवर तो काळा डबा, पुढं काच, काचेमागं एक पातळ आडवी चकती आणि चकतीच्या कडेला एक काळी खूण. "इंदे, ती खूण बघ. दिवा लावला की फिरती. जेवढी वीज जास्त तेवढी जोरात पळती. काय चाललंय घरात, सगळं त्या चकतीला कळतं बघ," तो म्हणाला होता. फ्यूज उडाला की चिनीमातीचा कटआउट काढून तार कशी घालायची, होल्डरात दिवा कसा बसवायचा, तो तापलेला असताना का धरायचा नाही, हे सगळं मी त्याच्याकडून शिकले. मुलगी आहे म्हणून त्यानं मला कधी बाजूला सारलं नाही. माझा त्याच्यावर फार जीव होता, आणि त्याच्या शब्दावर तर देवावर असावा तसा विश्वास.

अण्णा मिलमध्ये काट्यावर होते. आलेलं सूत आणि गेलेला माल त्यांच्या समोर तोलला जायचा. त्यांच्या काट्याबद्दल पेठेत बोलबाला होता. गल्लीत दोघांचं मापावरून वाजलं की लोक म्हणायचे, चला अण्णांकडं. अण्णा दोघांचं ऐकून घ्यायचे, मग माप मागवायचे, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत तोंडातून शब्द काढायचे नाहीत. घरीही तेच. शेंगदाण्याचे लाडू वळले की वाटायला अण्णा बसायचे, आणि माझ्या वाट्याचा लाडू दादाच्या लाडवाहून कणभर लहान आहे असं मला कधी वाटलं नाही. "मोजल्याबिगर बोलू न्हाय," हे त्यांचं नेहमीचं. आम्हा पोरांना त्यांची भीती होती, पण ती अन्यायाची नव्हती. काही चुकलं तर शिक्षा मिळेल, न चुकता मिळणार नाही, एवढं आम्ही गृहीत धरून चाललो होतो.

त्या साली मी फायनलला बसणार होते. मराठी सातवीची परीक्षा, तिला सगळे फायनलच म्हणायचे. ती पास झालं की शाळेत शिक्षिका होता यायचं. आमच्या वर्गात आम्ही अगदी थोड्या मुली उरलो होतो, बाकीच्यांची एकेक करून लग्नं झाली होती. बाई मला म्हणायच्या, "तू पास होणार हे मी लिहून देते, फक्त घरून वेळ मिळू दे." वेळ म्हणजे पहाटेचा. दिवसा शाळा, आल्यावर पाणी, भांडी, निवडणं-टिपणं, भावंडं. म्हणून मी मिलच्या पहिल्या भोंग्याला उठायची आणि माडीवर जाऊन बत्तीस कँडल लावायची. खाली आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. कडक करायच्या भाकरी ती चुलीच्या कडेला उभ्या लावायची, त्यांचा खरपूस वास जिन्यावरून वर यायचा आणि इतिहासातल्या लढाया पाठ करता करता माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. थोड्या वेळानं आई खालूनच हाक मारायची, "मास्तरीणबाई, च्या झालाय!" ती हाक मला आजही जशीच्या तशी ऐकू येते. इतकं गोड तिनं मला नंतर कधी हाकारलं नाही.

मग दादानं इस्त्री आणली. विजेची. कोळशाची इस्त्री आम्ही परटाकडं पाहिली होती, ही तिच्याहून छोटी, चकचकीत, मागं कापडानं गुंडाळलेली वायर. भिंतीत तिच्यासाठी वेगळी सोय नव्हती. दिवा काढायचा आणि त्याच होल्डरात इस्त्रीच्या वायरीचं टोक बसवायचं, अशी रीत. माडीवरचा होल्डर छताला सोयीचा लोंबत होता, म्हणून इस्त्रीची जागा माडी ठरली. अण्णांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हिला कँडल किती?"

दादा हसला. "हिला कँडल नसत्यात अण्णा. हिचा उजेड कुटं पडतो?"

अण्णांनी मान हलवली. आईनं मान हलवली. मीही हलवली. जिचा उजेड पडत नाही ती वीज कशी खाणार? जळतं ते दिसायला नको का? सगळ्या पेठेची समजूत हीच होती. वीज म्हणजे उजेड, आणि जेवढा उजेड तेवढा खर्च. इस्त्री आपली मुकाट्यानं तापते, एखाद्या पोराच्या अंगात कणकण असावी तशी, तिच्यावर काय जातंय! तेव्हापासून दादा रोज दुपारी जेवायला आला की माडीवर जाऊन आपले कपडे कडक करून घ्यायचा. त्याचे मित्रही आपापली गाठोडी घेऊन यायला लागले. मी शाळेत असायची, त्यामुळं मला त्यातलं फारसं दिसायचं नाही.

आताच्या आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये हे सांगितलं की नातू पोट धरून हसतो. सूनबाईनं गिझर चालू ठेवून दार लावलं की मी बाहेरच्या मीटरवरून सांगते, बाई, तुझं पाणी उकळून उकळून आटलं असेल. ट्यूबलाइट चुकून राहिली तर घरभर बोंब होते आणि गिझर तासभर राहिला तर कुणाला पत्ता नसतो. जे डोळ्यांना दिसतं त्याचीच माणसं उधळपट्टी म्हणतात. माझं घर म्हणून नाही, सगळीकडं हेच.

तर वीज कंपनीचं बिल वाढलं. एकदा वाढलं, दुसऱ्यांदा त्याहून वाढलं. अण्णा जेवताना म्हणाले, "वीज कुटं तरी लई जळती." आईनं आमटी वाढता वाढता माझ्याकडं पाहिलं. मी दादाकडं पाहिलं, कारण विजेचं घरात त्यालाच कळायचं. दादानं भाकरी चुरली, आमटी ओतली, सावकाश कालवलं आणि म्हणाला, "माडीवरचा दिवा. बत्तीसचा हाय की त्यो. रोज पहाटं जळतोय."

एवढंच. जेवण झाल्यावर तोच वर गेला, दिवा फिरवून काढला, फडक्यात गुंडाळला आणि फडताळात ठेवून दिला. मी जिन्यात उभी होते. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "थोडं दिस कळ काढ, इंदे. बिल उतरलं की लावू परत." मला रडू आलं, पण राग आला नाही. बत्तीस हा आकडा खरंच सोळाच्या दुप्पट होता. मी गणितात हुशार होते. आपणच घराला जड झालो असं वाटून मी त्या रात्री मागून आईबरोबर जेवताना भाकरीही अर्धीच खाल्ली. कंदील म्हणाल तर वीज आल्यावर आईनं ते मोडीत देऊन पातेली घेतली होती, आणि एक चिमणी उरली होती ती चुलीपाशी लागायची. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसावं तर पुस्तक उघडलं की आई म्हणायची, जरा एवढं पीठ चाळ, जरा पोराला धर. परीक्षा जवळ येत चालली आणि माझा भूगोल निम्मादेखील झाला नव्हता.

पण बिल उतरलं नाही. दिवा काढूनही उतरलं नाही, हे मला अण्णांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तिथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका शिरली. मी चकती बघायला लागले. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. मला पाढे येत होते. संध्याकाळी स्वयंपाकघरातला एकच दिवा चालू असताना मी दारात उभी राहायची आणि काळी खूण समोर आली की बेचा पाढा सुरू करायची. बेपासून म्हणत म्हणत दहाच्या पाढ्यापर्यंत आले की खूण फिरून परत यायची. सोप्यातलाही दिवा लागला की पाचासहाच्या पाढ्यातच यायची. म्हणजे कँडल दुप्पट तर चकती दुप्पट. इथवर सगळं दादानं सांगितल्याप्रमाणंच होतं. माझा दिवा म्हणजे ह्या दोघांच्या एवढा. मग तो गेल्यावर पहाटेची एवढी वीज वाचायला हवी होती, ती कुठं गेली?

शनिवारी शाळा सकाळची असायची. त्या शनिवारी मी दुपारी घरी आले, दप्तर टेकवलं आणि सवयीनं मान वर केली. चकती पळत होती. भर दुपार, घरात एकही दिवा नाही, आणि ती काळी खूण आली आली म्हणेतो गेली. मी पाढा म्हणायला लागले, बे चोक आठपर्यंत पोचले नाही तोच ती पुन्हा समोर. मला वाटलं मीटर बिघडला. कुणाला तरी सांगावं म्हणून मी जिन्याकडं वळले, तेवढ्यात दादा माडीवरून उतरला, कोट घातलेला, पेढीवर निघालेला. मी त्याचा हात धरला. "दादा, चकती बघ की! येड्यावानी पळतीय!"

त्यानं वर पाहिलंही नाही. "दुपारच्याला मिली जोरात चालत्यात. तवा कंपनी वीज जादा सोडती. ती समद्यांच्याच मीटरातनं पळती," असं म्हणाला आणि चपला घालून गेला.

मी परत वर पाहिलं तर चकती थांबली होती. मिलींची घरघर मात्र चालूच होती, आमच्या पेठेत ती दिवसभर ऐकू यायची. मी तिथंच उभी राहिले. तरीही मी दादाचीच बाजू घेत होते. म्हटलं, कंपनीनं आत्ताच कमी केली असेल. माणूस आपल्या लाडक्याला खोटं ठरवायला किती वेळ घेतो, याचं मला आज हसू येत नाही.

मग एके दिवशी आई देवळात गेली आणि घरात मी आणि धाकटी पोरं तेवढी होतो. मी माडीवर गेले. माझ्या होल्डरातून इस्त्रीची वायर खाली लोंबत होती. दादानं ती काढायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. माझा दिवा फडताळात, आणि त्याच्या जागी ही. मी इस्त्री तिच्यासाठी आणलेल्या दगडी पाट्याच्या तुकड्यावर ठेवली, बटण दाबलं आणि जिना उतरून दारात आले. चकती पळत होती. पाढा म्हटला, बे चोक आठ, खूण हजर. वर जाऊन बटण बंद केलं, खाली आले, चकती गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा पळाली. धाकट्याला वाटलं मी खेळतेय, तोही माझ्या मागं जिना चढउतर करायला लागला. माझ्या बत्तीस कँडलचे दहाबारा दिवे एकदम लावावेत तेवढी वीज ती बिनउजेडाची इस्त्री एकटी खात होती, आणि हे दादाला ठाऊक होतं. ज्यानं मला चकती वाचायला शिकवलं त्याला ठाऊक नसेल कसं? त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं जेवताना एवढ्या सावकाश भाकरी कालवली होती.

आई आल्यावर मी तिला सांगितलं. ती उखळात शेंगाची चटणी कुटत होती. तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला कुनी सांगितलं मीटर बघत बसायला?"

"आई, माझा दिवा उगंच काढला! इस्त्रीच खाती सगळी वीज."

"खाईना का. त्याला चारचौघांत जावं लागतं, कडक कापडं लागत्यात. तू घरातच हायेस की." मग एकदम मुसळ बाजूला ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "अण्णांना न्हाय सांगायचं हे. कळलं का?"

मला कळलं ते असं की आई दादाला पाठीशी घालतेय. अण्णांना सत्य कळलं तर दादाची धडगत नाही, म्हणून ही लपवतेय. आई मुलाच्या बाजूनं, हे मला टोचलं, पण त्यातूनच मला धीर आला. कारण मग अण्णा उरले. अण्णा मोजल्याशिवाय बोलत नाहीत, आणि मोजून दाखवलं की ऐकतात. मला फक्त त्यांना दारात उभं करायचं होतं आणि वर बोट दाखवायचं होतं. एवढं सोपं! परीक्षेला अजून अवकाश होता. दिवा मिळाला तर भूगोल होऊन गेला असता. मी मनातल्या मनात वेळापत्रकसुद्धा आखलं.

रविवारी मिल बंद. दुपारी जेवणं उरकली, अण्णा सोप्यात पान लावत बसले होते, आई आतबाहेर करत होती आणि दादा माडीवर गेला होता. मी चकतीकडं नजर लावून होते. ती हलली, मग पळायला लागली. "अण्णा," मी म्हटलं, "जरा हिकडं येता का? मीटर बघा की."

ते उठून आले. मान वर करून त्यांनी चकतीकडं पाहिलं, आणि काट्याकडं बघावं तसं बघत राहिले.

"एकबी दिवा चालू न्हाय," मी म्हटलं.

"व्हय."

"मग फिरती कशी?"

"वर इस्त्री चालू हाय," अण्णा म्हणाले.

पुढं बोलायचं मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. कँडल, पाढे, दहाबारा दिवे. त्याची गरजच उरली नाही. तरी मला वाटलं, त्यांना अजून पुरतं उमजलं नसेल. मी त्यांचा हात धरला, असा मी लहानपणानंतर धरला नव्हता, आणि म्हटलं, "वर चला, दाखवते." ते आले. माडीवर दादा घोंगडीवर कापड अंथरून इस्त्री फिरवत होता. वायर माझ्या होल्डरातून लोंबत होती. त्याच्या पुढ्यात काळा कोट होता आणि बाजूला घडी करून ठेवलेलं उपरणं. दादाच्या अंगाला तो कोट झालाच नसता.

"माजा कोट हाय त्यो," अण्णा म्हणाले. "मीच सांगितलंय त्याला. उद्या मैंदर्गीला जायाचंय."

मी त्यांना इस्त्रीचं सांगायला लागले. भरभर सांगितलं, पाढ्यांचं, कँडलचं, आपली सगळ्यांची समजूत कशी चुकीची आहे ते. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. ते कुणालाही मध्ये तोडायचे नाहीत. मग म्हणाले, "बरोबर हाय तुजं. मीटर बघाया येतो त्या मानसानंबी असंच सांगितलं. म्हणाला, दिव्याचं काय न्हाय, तुमची वीज इस्त्री खाती."

"कधी सांगितलं?"

"पयलं बिल वाढलं तवाच."

दादानं कोटाच्या बाहीवर पाणी शिंपडलं, वरून इस्त्री दाबली आणि फस्स करून वाफ निघाली. त्यानं एकदाही मान वर केली नाही. जिन्याच्या तोंडाशी आई येऊन उभी राहिली होती, पदराला हात पुसत.

"माझा दिवा काढायच्या आधी?" मी विचारलं.

"आधी," अण्णा म्हणाले. सरळ विचारलं की ते खोटं बोलायचे नाहीत. निदान तोवर मी तसं समजत होते.

"मग का काढला?"

ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले. रागावले नव्हते, आवाजही चढला नव्हता. "हे बघ इंदू. मैंदर्गीचं घर चांगलं हाय. रान हाय, हीर हाय, शेरडं-मेंढरं हायेत. पोरगा चौथी झालाय. त्याच्याहून जादा शिकलेली सून त्यास्नी नगं. तू फायनल झालीस की हे घर हातचं गेलं. तुला तसं तोंडावर सांगितलं असतं तर तू रडून गोंधळ केला असता, तुज्या बाई हितं येऊन बसल्या असत्या. इजेचं कारन बरं पडलं. तुलाबी पटलं की न्हाय? गप बसलीस की."

मला पटलं होतं. मी अर्धी भाकरी खाल्ली होती. ह्या सगळ्यांनी मिळून मला माझ्याच गणितानं गप्प केलं होतं, आणि मी इतके दिवस दारात उभी राहून पाढे म्हणत होते, त्या वेळी आत बसलेल्या तिघांनाही उत्तर ठाऊक होतं. संताप म्हणजे काय ते मला त्या माडीवर कळलं. दादाचा आला, आईचा आला, पण अण्णांचा आला तेवढा कुणाचाच नाही. त्यांनी मला मारलं असतं, शाळा बंद म्हणून दरडावलं असतं, तर मी त्यांना माफ केलं असतं. साऱ्या पेठेला ते खरं माप देत होते आणि घरच्या पोरीला त्यांनी खोटं दिलं, तेही जाणूनबुजून. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट होत आलं, तरी ह्या जागी येऊन मला त्यांची बाजू समजून घेता येत नाही. पुष्कळ लोक म्हणतात, काळच तसा होता. असेल. काळानं माझा दिवा नाही काढला.

"आता बिलाचं काय न्हाय ना," मी म्हटलं, "मग दिवा लावा. लग्न करते मी तुम्ही म्हणाल तिथं. पण परीक्षेला बसू द्या. पास झाले तरी कुणाला सांगणार नाही."

अण्णांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, ते तोलताहेत. मग ते दादाकडं वळले आणि म्हणाले, "झाला का रं कोट?"

दुसऱ्या दिवशी ते दोघं कडक कपड्यांत मैंदर्गीला गेले आणि लग्न ठरवून आले. आईनं मला न विचारता माझी पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली. बाई एकदा घरी आल्या होत्या, मला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. त्यांना काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. दादा माझ्याशी बोलायचा प्रयत्न करायचा, मी उत्तर द्यायची नाही. एकदा पेढीवरून त्यानं माझ्यासाठी जरीकाठाचं लुगडं आणलं. मी ते घडी न मोडता आईच्या पेटीवर ठेवलं.

मैंदर्गीची माणसं वाईट नव्हती. खरं सांगायचं तर त्या घरात मला कुणी टाकून बोललं नाही. वीज मात्र नव्हती, ती यायला पुढं बरीच वर्षं जायची होती. सोलापुरात फायनलचा पहिला पेपर ज्या दिवशी होता, त्या दिवशी सासूबाईंनी हुग्गी केली होती. गव्हाची खीर, गूळ घालून घट्ट शिजवलेली, वर तूप. घरात नवी सून आली म्हणून चार बायका जेवायला बोलावल्या होत्या. मी खाली मान घालून बसले होते आणि मनात भूगोलाचे प्रश्न येत होते. सासूबाई माझ्या ताटात तूप वाढता वाढता त्या बायकांना सांगायला लागल्या, अर्धं कानडीत आणि अर्धं मराठीत. मग माझ्याकडं वळल्या.

"अव्वा, पोरी, तुजा बाप लई सरळ मानूस बग. आमी इचारलं, पोरगी लई शिकतीया म्हनं, आमच्या घरात रमंल का? तर म्हनाला, शिकत हुती. पर इजंचं बिल वाढाया लागलं, तसं तिनंच आपल्या हातानं दिवा काढून आनून दिला. म्हनाली, अण्णा, मला नगं शाळा, माज्यापायी घराला भार नगं. त्येच्यावरच आमी व्हकार दिला की. अशी समजूतदार सून कुटं गावतीया?" त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातात माया होती, त्यात काही खोट नव्हती. "खरं न्हवं का गं?"

चारही बायका कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर अण्णा खोटे ठरले असते. ते खोटेच होते. मी "व्हय" म्हणाले.